संतबाबांचा झगा

“आधी त्यांच्या तोंडावर टॉवेल टाक, मग काय बोलायचंय ते बोल,” रंगकाकू म्हणाल्या.

सुनेने खुंटीवरचा टॉवेल ओढला, पुढच्या खोलीत मधोमध उभ्या असलेल्या संतबाबांच्या लाकडी तोंडावर टाकला आणि भांडण थांबलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं.

“तर तुम्हाला दिसत नाही, आई.”

“मला सगळं दिसतं.”

“काल चहात मीठ घातलंत.”

“घाईत होते.”

“परवा मी दारातून आत आले तर मला ‘या, बसा’ म्हणालात. मी सून आहे तुमची!”

“मग? मान दिला तर तुझं काय बिघडलं? एरवी म्हणतेस, सासू मान देत नाही.”

उंबऱ्यावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसलेले काकूंचे नवरे, जाळीकाका, खुदकन हसले आणि दोघींनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मान खाली घालून उगाच एक गाठ सोडवून पुन्हा मारली.

कोळ्यांची ती वस्ती समुद्राला खेटून होती आणि संतबाबा वस्तीचे राखणदार. वर्षभर ते चर्चमध्ये उभे असत. सणाच्या आधी आठ दिवस त्यांना घोंगडीत गुंडाळून रंगकाकूंच्या घरी आणत, कारण बोटी रंगवणारं घर तेच. खारं वारं लाकडालाही सोडत नाही आणि संतालाही. वर्षभरात झग्याचे पोपडे निघत, दाढी उडे, डोळे फिके पडत. आठ दिवसांत काकू त्यांना पुन्हा माणसात आणत. पाहुण्यासमोर घरात भांडायचं नाही, असा काकूंच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. नियम मोडायचा नाही आणि भांडणही अडवून ठेवायचं नाही, म्हणून टॉवेलाची युक्ती काकूंची. जाळीकाका म्हणायचे, “आठ दिवस मुक्कामाला येतात बिचारे, त्यातले सात दिवस टॉवेलाखाली जातात.”

काकूंच्या वडिलांना मुलगा नव्हता. म्हणून त्यांनी मुलीलाच बोटीच्या कडेला टांगलेल्या फळीवर बसवलं आणि हातात ब्रश दिला. लोक हसले. पहिल्या बोटीवर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा पट्टा ओढला, तेव्हा बोटीच्या म्होरक्याने, म्हणजे तांडेलाने, दोरा ताणून तो तपासला. दोरा आणि पट्टा यांच्यात केसाचंही अंतर नव्हतं. मग हसणारे रांगेत उभे राहिले. वडील थकल्यावर संतबाबाही तिच्याकडे आले. त्याला एकतीस वर्षं झाली. काकूंनी या घरात दोन बाळंतपणं काढली, सासूचं आजारपण काढलं, पण संतबाबांचे डोळे काढायचे एकदाही चुकवले नाहीत.

आता मात्र त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. काकूंनी ती चिठ्ठी चार घड्या घालून ब्रशांच्या डब्याच्या तळाशी ठेवली होती आणि सुनेला ती नेमकी याच आठवड्यात, ब्रश धुताना सापडली होती. भांडणाचं मूळ ते.

“वीस मिनिटांचं काम असतं आई, हल्ली. त्याच दिवशी घरी सोडतात.”

“माझ्या वडिलांनाही सोडलं होतं. डोळ्याला पट्टी बांधून घरी आले आणि त्यानंतर ब्रश म्हणून हातात धरला नाही. दारात बसून लोकांच्या बोटींचे पोपडे मोजायचे.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी.”

“डोळे तेच आहेत. आणि मला डोळे लागतात कशाला? डब्याचं झाकण उघडलं की वासावरून सांगते आत काय आहे ते. हाताला वळण आहे.” एवढं बोलून काकू तीन वेळा शिंकल्या. चार दिवसांच्या सर्दीने त्यांचं नाक बोळा कोंबल्यासारखं बंद होतं.

सुनेला काळजी होती ती वेगळीच. गेल्या वर्षी झग्याच्या कडेला रंगाचे दोन ओघळ राहिले होते. ते नेमके बर्फवाल्यांना दिसले. बर्फाचा कारखाना त्यांचा आणि सणाच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. त्यांनी बैठकीत विषय काढला, की फायबरची नवी मूर्ती मागवू. वजनाला हलकी, रंगवायची कटकट नाही, पुसली की झालं. खूप बोलाचाली होऊन शेवटी ठरलं, की या वर्षी बघू. काही कमी-जास्त झालं तर जुन्या मूर्तीला चर्चच्या माळ्यावर ठेवू.

“ते माळ्यावर गेले ना आई, तर तुम्ही जेवायच्या नाहीत आठ दिवस. मी ओळखते तुम्हाला. म्हणून म्हणते, झगा मला रंगवू द्या.”

काकू उठल्या. पुढे होऊन त्यांनी संतबाबांच्या तोंडावरचा टॉवेल काढला. म्हणजे भांडण संपलं.

दुसऱ्या दिवशी सून धक्क्यावर मासळीच्या वजनकाट्यावर कामाला गेली, मुलगा बोटीवर होता, जाळीकाका जाळं पोचवायला गेले. काकूंनी खाटेखालून डबे ओढले. लाल रंगाचे डबे दोन. एक झग्याचा. दुसरा बोटीच्या बुडाला लावायचा. बुडाचा रंग निराळाच असतो. तो कधी कडक होत नाही. पाण्यात हळूहळू सुटत राहतो, म्हणजे शेवाळ आणि शिंपले त्याला धरून बसूच शकत नाहीत. त्याला डांबरासारखा वास येतो. झग्याच्या रंगाला टर्पेंटाइनचा येतो. काकूंनी एक झाकण उघडलं, नाक डब्यात घातलं. काही नाही. दुसरं उघडलं. तिथेही काही नाही. डबे डोळ्यांपाशी धरले. दोन्हीत सारखाच काळपट चिखल दिसत होता. मग त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवली. झग्याचा डबा नेहमी भिंतीकडे असतो. आणि असायचाच. फक्त ब्रश धुण्यासाठी सुनेने डबे बाहेर काढले होते आणि परत ठेवताना उलटसुलट झाले होते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संध्याकाळी सून घरी आली तर झगा रंगवून तयार. ओघळ नाही, ब्रशाचा माग नाही, रेघ न् रेघ जागच्या जागी.

“जरा गडद नाही वाटत, आई?”

“वाळल्यावर उजळतो.”

सून पुढे बोलणार होती. तिने खुंटीकडे पाहिलं. टॉवेल धुवायला टाकला होता, तो बाहेर दोरीवर ओलाकच्च होता. संतबाबा उघड्या तोंडाने तिच्याकडे बघत होते. ती आत भात लावायला गेली.

शेवटच्या दिवशी काकूंनी डोळे काढले. नाकाला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन, श्वास धरून. डावी भुवई गव्हाच्या दाण्याएवढी वर गेली. त्यामुळे एकतीस वर्षांत पहिल्यांदाच संतबाबा काहीतरी मजेशीर ऐकल्यासारखे दिसू लागले.

सणाच्या सकाळी घोंगडीत गुंडाळूनच त्यांना चर्चमध्ये नेलं. प्रार्थना झाली, बँड वाजला आणि काकूंच्या मुलाने आणि इतर पाच जणांनी पालखीसारख्या लाकडी मंचावरून त्यांना पाण्याच्या कडेशी आणलं. तिथली रीत अशी, की बाबा बोटीत चढण्याआधी प्रत्येकाने समुद्रात हात बुडवायचे आणि ओल्या हातांनी झग्याला शिवून मग स्वतःच्या कपाळाला लावायचे. कोरडा हात लावायचा नाही. कोरड्या हाताच्या माणसाला समुद्र ओळखत नाही म्हणतात.

बुडाच्या रंगाला नेमकं हेच हवं असतं. खारं पाणी आणि घासणं.

पहिल्या दहा-बाराजणांच्या लक्षात आलं नाही. मग तांडेलाच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि किंचाळली, “अहो, डोकं फुटलं की काय तुमचं!” तांडेलाने तिच्याकडे पाहिलं. “तुझंही!” मग जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहू लागला आणि रांगेत हास्याची अशी लाट उठली, की बँडवाल्याची फुंकच अडकली. तरी रांग मोडली नाही. उलट मागचे पुढे घुसू लागले. ज्याच्या कपाळावर लाल नाही तो जणू वस्तीतलाच नाही.

बर्फवाले तेवढे लोकांकडे पाठ करून बंदरातल्या साहेबांना फायबरच्या मूर्तीचे फायदे सांगत होते. “शिस्त हवी, टापटीप हवी,” ते म्हणत होते आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पाठीवर कुणाचा तरी अख्खा पंजा उमटला होता, पाची बोटांसकट.

काकू थोड्या दूर, मुलीला सासरी पाठवणाऱ्या आईसारख्या उभ्या होत्या. लोक हसताहेत एवढं त्यांना कळत होतं. का, ते कळत नव्हतं.

“काय गं झालं?” त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेने दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले. “हे बघा की.”

काकूंनी पाहिलं. “चिखल लागलाय. धुऊन टाक.”

तिने तळवे आणखी जवळ धरले, नाकाशी. एवढ्यात काकूंना सणसणीत शिंक आली, इतक्या दिवसांनी एक नाकपुडी उघडली, आणि डांबराचा वास थेट डोक्यात गेला.

“बुडाचा रंग,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“सगळ्यांना लागलाय?”

“फादरांच्या कानालाही.”

काकूंनी समोरच्या गर्दीकडे पाहिलं. वस्तीतली तीनशे माणसं लाल झाली होती आणि त्यांना एकही लाल दिसत नव्हता. सगळी कपाळं चिखलाची. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी लाल ओळखला, त्यांच्यासमोर कुणी अख्खी वस्ती लाल रंगवून उभी केली तरी काही नाही.

“आता नेतील माळ्यावर,” त्या पुटपुटल्या.

पण तांडेल मंचावर चढला होता. कपाळ लालभडक, आवाज वाऱ्यावर बोलायची सवय असलेला. “ऐका! काकूंनी बाबांना बुडाचा रंग दिलाय. आपल्या बोटींना देतो तोच. म्हणजे आता बाबांना शेवाळ धरायचं नाही की शिंपला चिकटायचा नाही! इतकी वर्षं ते नुसते बोटीत बसून यायचे, यंदा खरे पाण्यात उतरायच्या तयारीने आलेत. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही फायबरचं काय म्हणत होता? जरा वळून सांगा, पाठीमागच्यांना नीट दिसत नाही.”

बर्फवाले वळले. पंजा सगळ्यांसमोर आला. पुढचं काही ऐकू येण्यासारखं राहिलं नाही. त्या दिवशी समुद्रावरही हसणं ऐकू जात होतं आणि बोटीच्या टोकाशी उभे असलेले संतबाबा एक भुवई उंचावून ते सगळं ऐकत होते. फायबरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काढणार कोण, ज्याने काढायचा त्याची बायको शर्ट भिजत घालून बसली होती.

संध्याकाळी घरात सगळ्यांचे हात रॉकेलने घासायचं काम चाललं होतं. संतबाबा चर्चमध्ये परतले होते, त्यामुळे टॉवेल मोकळा होता.

“मी म्हटलं होतं,” मुलगा म्हणाला.

“तू कधी म्हटलंस? मी म्हटलं होतं,” सून म्हणाली. “आणि डबे मीच उलटे ठेवले असणार. माझीच चूक.”

“चूक कसली,” जाळीकाका नखं घासत म्हणाले, “इतका हसरा सण मी जन्मात पाहिला नाही. पुढच्या वर्षीही तोच रंग द्या म्हणताहेत लोक.”

“हो ना, आई,” मुलगा म्हणाला, “निभावलं की. आता कशाला मनाला लावून घेतेस?”

काकूंनी हात कोरडे केले. टॉवेल झटकून खुंटीला लावला, खुंटी एकदा चुकली, दुसऱ्यांदा सापडली. मग त्यांनी ब्रशांचा डबा उपडा केला, तळाची चिठ्ठी काढली, चारी घड्या उलगडल्या आणि सुनेच्या हातात दिली.

“सोमवारी उजवा डोळा, तो बरा झाला की डावा,” त्या म्हणाल्या. “नंबर तू लाव, सोबत तूच चल, हे दोघं नकोत. तोवर झगा खरवडून तू नीट रंगवायचा, मी शेजारी बसेन. बाबांचे डोळे मात्र दरवर्षी मीच काढणार. आता ताटं घ्या.”