माश्यांची ओळ

परळच्या त्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. मी बी.एस्सी. झालेली, दादरहून रोज चालत यायचे. आमची कंपनी पिकांवर मारायची कीटकनाशक पावडर बनवायची. आमचे साहेब मोठे मराठीप्रेमी. शिवाजी पार्कवरची एकही सभा त्यांनी चुकवली नसेल. दुसऱ्या दिवशी बसलेल्या घशाने आम्हाला भाषण ऐकवायचे. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक होतं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आमच्या पावडरीने मधमाश्या मरतात अशी तक्रार वाईकडून आली, म्हणून तपासणी करायची ठरली. माश्या आणायच्या कुठून? आमच्या शिपायाचा थोरला भाऊ तिकडे घाटात सातेरी माश्यांच्या पेट्या पाळायचा. म्हातारा दोन पेट्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आला. एकाही पेटीला हात लावू देईना. आधी मला विचारलं, "बाई, माजी जनावरं जित्ती परत मिळतील न्हवं?" मी हो म्हटलं. मला काय कळत होतं तेव्हा!

साहेबांची तपासणी अशी: जाळीचा पिंजरा, आत पावडर भुरभुरलेलं पान, आत थोड्या माश्या सोडायच्या. एक तासाने मेलेल्या मोजायच्या आणि तक्त्यात लिहायच्या. तासाभरात फारशा मेल्या नाहीत. साहेबांनी 'धोका नगण्य' असं लिहून खाली झोकात मराठी सही ठोकली.

पण तासाभरात मरायला ती काय झुरळं होती? पेट्या गच्चीवर ठेवल्या होत्या. शेजारी कुंड्यांत मोहरी फुलवली होती, तिच्यावरही पावडर मारलेली. माश्या त्या फुलांवर बसत, उडून जात. संध्याकाळी पेटीकडे परतणाऱ्या रोज कमी कमी दिसायच्या. मी साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, उडून गेल्या असतील, मुंबईत त्यांना काय करमणार!

चौथ्या दिवशी मागच्या चाळीतल्या बायका भांडायला आल्या. त्यांनी आपल्या गच्चीवर पापड वाळत घातले होते आणि त्यांवर मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. एकीने तर सुपातच आणल्या होत्या. त्यांचं चुकलं काय? मी त्यांच्याबरोबर गेले आणि चाळीच्या गच्चीवरून, पन्हळीतून, जिन्यातून माश्या वेचल्या. माश्यांच्या पायांना पांढरी पावडर चिकटलेली. बाटली भरली तशी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी बाटलीकडे नीट पाहिलंही नाही. "अहो बाई, आपल्या पिंजऱ्यात मेल्या तेवढ्या आपल्या. चाळीत मेलेल्यांचा रकाना तक्त्यात नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रकाना नाही म्हणे! मी महिनाभर त्यांच्या मागे हात धुऊन लागले. तक्ता काही बदलला नाही. शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून त्यांनी पुड्याच्या इंग्रजी लेबलावर तळाला एक ओळ घालायला मान्यता दिली: पीक फुलोऱ्यात असताना मारू नये, मधमाश्या मरतात.

म्हातारा पेट्या न्यायला आला तेव्हा एक पेटी रिकामीच होती. तो नुसता झाकणावरून हात फिरवत राहिला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला सांगितलं, पुड्यावर माश्यांसाठी ओळ येणार आहे. आत्ता इंग्रजीत आहे, पण आपलं राज्य झालं की मराठीत येईल, मी स्वतः लिहीन. त्याचा चेहरा जरा उजळला. गावात सगळ्यांना सांगून ठेवतो म्हणाला.

आणि राज्य झालं. मे महिन्यात साहेबांनी सगळ्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. लेबल मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. माश्यांची ओळ मी सगळ्यात आधी लिहिली. छापून आलं तेव्हा मी तपासायला गेले नाही, हा माझा गुन्हा. वाटलं, आता कोण काढणार आहे!

पावसाळा संपता संपता म्हातारा परळला आला. या खेपेला पेट्या नव्हत्या, नुसता पावडरीचा रिकामा पुडा होता. तो त्याने माझ्यापुढे टेबलावर सपाट केला. सगळं मराठीत, ठळक. आणि तळाला, जिथे ओळ हवी होती तिथे, नव्या महाराष्ट्राचा छोटासा नकाशा. मी पुडा घेऊन तशीच साहेबांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, नकाशाला जागा लागत होती, काहीतरी काढावंच लागलं. वर मलाच विचारतात, नकाशा सुरेख आलाय की नाही!

मी परत आले तेव्हा म्हातारा बाकावर बसून होता. त्याच्या पुतण्याने कारळा फुलात असताना पावडर मारली होती. सगळ्या पेट्या गेल्या. मी म्हटलं, पुतण्याला तुम्ही अडवलं कसं नाही?

"मीच सांगितलं त्याला," म्हातारा म्हणाला. "बाईनं माश्यांचं लिवलंय, आदी पुडा वाच आन् मग मार. त्यानं दोनदा वाचला."