दुपारी खेळतं कोण?

आमच्या आत्याने आयुष्यात कुणावर विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. औषधांच्या कारखान्याच्या फाटकावर ती बायकांची झडती घ्यायची. कामाची पाळी सुटली की रांग लागायची आणि आत्या प्रत्येकीचे खिसे, डबे, अंबाडेसुद्धा चाचपायची. निवृत्त झाल्यावर एका मोठ्या दुकानाने तिला दुपारपुरतं दारावर बसवलं, गिऱ्हाइकाच्या पिशवीतला माल पावतीशी ताडून बघायला. ही नोकरी घरी आल्यावरही चालूच असायची. दुधाच्या बाटलीवर ती पेन्सिलीने खूण करून ठेवायची. माझ्या नवऱ्याने एकदा गंमत म्हणून ती खूण खाली सरकवली, तर दूध वाढलं कसं याचा तिने दोन दिवस तपास केला आणि पाणी कुणी घातलं म्हणून मलाच फैलावर घेतलं.

असं असलं तरी मी तिचं ऐकून घेते. माझे आईवडील लवकर गेले आणि आत्या आणि काका या दोघा भावंडांनी मला वाढवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. काका तिच्याहून धाकटा. बंदरावर क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या खोलीत एकटाच बसून त्याने जहाजं रिकामी केली, आणि खाली उतरल्यावर कधी फारसं बोलला नाही. गेल्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, फक्त ‘बरं’ एवढा एक शब्द तोंडात राहिला. तहान लागली का, बरं. दुखतंय का, बरं. डॉक्टर म्हणाले होते की समज किती उरली आहे ते आत्ताच सांगता येणार नाही. आम्ही त्याचा अर्थ उरली नाही असा घेतला आणि पुन्हा विचारायला गेलोच नाही.

मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर, नवरा त्याच्या कामावर, आत्या दुपारी बाहेर. म्हणून काकाजवळ दिवसा एक सिस्टर ठेवली. तरुण होती, कामाला चोख, आणि तोंड घट्ट मिटलेलं. ती संध्याकाळी गेली की आत्या काकाच्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि बोलत बसायची. स्वयंपाकघरात मला नुसती पुटपुट ऐकू यायची. आज कुठे गेली होतीस एवढं विचारलं तरी “का?” म्हणणारी ही बाई त्याच्यापाशी तासन्‌तास काय बोलते, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाली, त्याला काय कळतंय, म्हणून तर बोलता येतं.

वर्ष संपत आलं तशी माझ्या फोनमधल्या गाण्यांच्या ॲपने वर्दी दिली की यंदाची माझी आवडती गाणी तयार आहेत. भाजी चिरता चिरता मी हौसेने लावली. पहिल्याच गाण्यात कुणीतरी पत्र्याच्या शेडवर हातोडे घालावेत तसे ढोल वाजायला लागले. मी चमकून बघितलं. पुढच्या गाण्यात एक म्हातारी बाई कुठल्याशा अनोळखी भाषेत संथ गात होती. त्याच्या पुढे नुसतंच एक घोगऱ्या आवाजाचं तंतुवाद्य, संपता संपेना. माझी रोजची गाणी, जी ऐकल्याशिवाय माझी भांडी निघत नाहीत, ती पार खाली कुठेतरी पडलेली.

“हे तुला आवडतं?” आत्याने दारातून विचारलं.

मी म्हटलं, यातलं एकही मी जन्मात ऐकलेलं नाही. मग आठवलं की माझंच खातं काकाच्या खोलीतल्या टॅबवरही चालू आहे. आत्याने माझ्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली.

“दुपारी घरात कोण असतं?”

“काका आणि सिस्टर.”

“काकाला धरू नकोस.”

तिथून तिची गाडी सुटली. काकाच्या खोलीत टीव्ही होता, आणि टीव्हीला माझ्या नवऱ्याचं खेळांचं यंत्र जोडलेलं होतं. त्याने ते मोठ्या हौसेने घेतलं आणि आठवड्यात विसरला. काका झोपल्यावर आत्याने ते माझ्या नवऱ्याला सुरू करायला लावलं. आत वर्षभरात कुणीतरी भरपूर खेळून ठेवलं होतं. एका खेळात ओसाड बेटावर बाग फुलवायची होती, ती बाग पार बेटाच्या टोकापर्यंत गेली होती. दुसऱ्यात नाव वल्हवत नदीतून न्यायची होती, आणि ती नाव तर कुठल्या कुठे पोचलेली. नवरा म्हणाला की हा खेळ एकट्याचा नाहीच, दोघांच्या हातात एकेक वल्हं असतं.

“दोघं,” आत्या म्हणाली, आणि तो शब्द तिने चघळत ठेवला.

सुतावरून स्वर्ग गाठण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिस्टर दुपारी एका पोराला घरात घेते, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. ढोलाची गाणी त्याची, संथ वाद्य हिचं. आणि ती म्हातारी, असं मी विचारलं. तर म्हणे, भांडण झालं की लावत असतील.

मी हसले खरी, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. दुपार कशी गेली असं विचारलं की सिस्टरचा हात क्षणभर थांबायचा आणि मग ती काकाकडे बघायची. काकाची नखं कापलेली, दाढी गुळगुळीत, चादर बिनसुरकुतीची. एवढं नीटनेटकं कुणी उगीच ठेवत नाही, असं आत्याचं मत, आणि ते मला हळूहळू पटायला लागलं. संशय ही फार सोयीची गोष्ट आहे. एकदा शिरला की घरातली प्रत्येक वस्तू त्याच्या बाजूने साक्ष द्यायला लागते. उपडा घातलेला कप बघून मी विचार करायची, हा कुणी विसळला आणि का?

आत्याने उंबऱ्यावर पावडर शिंपडली. संध्याकाळी बघितलं तर फक्त सिस्टरच्या चपलांचे ठसे. म्हणजे तो मागच्या दाराने येतो. मागच्या दाराला तिने दोरा बांधला, तर दोरा जसाच्या तसा. म्हणजे सिस्टरने त्याला दोऱ्याचं सांगितलेलं आहे. नवरा म्हणाला, हा पोरगा बहुतेक नसेलच. त्यावर आत्या म्हणाली की तोच तर त्याचा हुशारपणा आहे.

शेवटी तिने मुद्देमालासकट पकडायचं ठरवलं आणि मला अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लावली. तुझ्या दुकानात सांगितलंस का, असं मी विचारलं, तर माझं मी बघेन म्हणाली. भर दुपारी आम्ही दोघी चोरासारख्या आमच्याच घरात शिरलो. आतून ढोल ऐकू येत होते. त्यावर सिस्टरचं हसणं. आणि मग दुसरं हसणं, जाड, खरखरीत, पुरुषाचं. आत्याने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिने दार ढकललं.

खुर्चीत सिस्टर खेळाचा कंट्रोलर हातात घेऊन बसलेली. काका उशीला टेकून, चादर छातीपर्यंत, तोंड नेहमीसारखं सैल. तिसरं कुणीच नाही. आत्याने पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, पडदा ओढला. हसणारा माणूस सापडेना. त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

“कुठे गेला तो?”

 सिस्टर आमच्याकडे बघतही नव्हती, काकाकडे बघत होती. आत्या म्हणाली की आजारी माणसाला टाकून तू खेळ खेळत बसतेस एवढंही मला पुरे आहे, उद्यापासून यायचं नाही, आणि मी तुझ्या संस्थेत कळवणार आहे. संस्थेत तक्रार गेली की तिला पुन्हा कुठल्याही घरात काम मिळालं नसतं, हे तिथे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.  तरी ती मूग गिळून उठली आणि खुंटीवरची पिशवी काढायला लागली.

तेव्हा चादर हलली. काकाचा डावा हात बाहेर आला, आणि त्या हातात दुसरा कंट्रोलर होता. टीव्हीवर थांबलेल्या नावेचं डावं वल्हं पाण्यात पडलं, वर आलं, पुन्हा पडलं. एकाच वल्ह्याने नाव जागच्या जागी गरगरत राहिली. काका टीव्हीकडे बघतच नव्हता. तो आत्याकडे बघत होता.

मी खाली बसून त्याचा हात धरला आणि रडले. “काका, तुला सगळं कळतं?”

“बरं,” तो म्हणाला, आणि ते उत्तर आहे हे मला वर्षात पहिल्यांदा कळलं.

मग सिस्टरने एकेक सांगितलं. सुरुवातीला ती टॅबवर काहीबाही लावायची. आवडलं की काका अंगठा उचलायचा, नाही आवडलं की डोळे मिटून घ्यायचा. असं करत करत त्याने स्वतःची गाणी शोधली. ढोल त्याला सगळ्यांत आवडत, बहुतेक बंदराची आठवण येत असावी. म्हातारीचं गाणं लावलं की तो छताकडे बघत पडून राहायचा. खेळांचं यंत्र त्यानेच बोटाने दाखवलं होतं. क्रेनच्या दांड्यांवर उभा जन्म गेलेला तो डावा हात, बाग लावायला त्याला फार दिवस लागले नाहीत.

मी इतकी खूश होते की आत्याकडे माझं लक्षच गेलं नाही. गेलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. माझ्या मनात आलं, माफी मागायची लाज वाटत असेल. ती बाहेर निघून गेली.

सिस्टर राहिली. डॉक्टर येऊन गेले, बोटाने दाखवायला चित्रांचा तक्ता आला, नवरा येता जाता काकाशी खेळायला लागला. फक्त आत्या त्या खोलीत जायची बंद झाली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात माझ्या मागे बसून राहायची आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायची. तिकडे काकाने गाणी बंद केली. संध्याकाळ झाली की त्याचे डोळे दाराला लागायचे. नावेचं नाव काढलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

मला आत्याचा संताप आला. मी तिला सरळ विचारलं, तो बरा होतोय याचं तुला दुःख होतंय का?

“वर्षभर फसवलं त्याने मला,” ती म्हणाली. “बावळटासारखा चेहरा करून माझीच झडती घेत होता.”

सिस्टरला मी विचारलं की हे तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली की पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण काकांनी मनगट धरलं आणि मान हलवली. का ते तिला नंतर कळलं. “आत्या संध्याकाळी येतात, मन मोकळं करतात. काकांना कळतंय हे समजलं असतं, तर आत्या आल्या असत्या का, ताई?”

 आपल्याला काही समजत नाही असं साऱ्या घराने मानावं, हे तो माणूस वर्षभर सोसत होता, बहिणीला बोलायला एक जागा राहावी म्हणून.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आत्या पिशवी घेऊन कामावर निघाली. काकाच्या दारावरून जाताना ती मान वळवून जायची, तशीच चालली होती. तेवढ्यात आतून काका ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. काही झालं की काय म्हणून ती धावत आत गेली, मागोमाग मी. तिने वाकून बघितलं तशी त्याने डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं.

“सोड, मला उशीर होतोय.”

तो सोडेना.

“कामावर जायचंय मला.”

काकाने मान हलवली. हळू, नीट, एकदा इकडे आणि एकदा तिकडे. नाही.

मी म्हटलं, काका, हट्ट काय करतोस, जाऊ दे तिला. आत्या मात्र पलंगाच्या कडेवर बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “दुकानाने मला कधीच काढलंय. दारावर यंत्र बसवलंय, ते ओरडतं. माणूस नको आता. मी दुपारभर बस स्टँडवर बसून येते.” आणि मग, “तुम्हाला कुणाला सांगितलं नाही. याला सांगितलं होतं. भिंतीला सांगावं तसं.”

घरभर पावडर शिंपडत हिंडणाऱ्या माझ्या आत्यावर आम्ही कुणी कधी लक्षच ठेवलं नव्हतं. ती दुपारभर कुठल्याशा बाकावर बसते हे माहीत असलेला माणूस तेवढा या पलंगावर पडून होता. मला तिच्या जवळ जावंसं वाटलं आणि जायची हिंमत होईना.

सिस्टर खुर्चीतून उठली. काकाने मनगट सोडलं आणि सिस्टरचा कंट्रोलर ओढून आत्याच्या मांडीवर ठेवला. आत्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि या बटणाने काय होतं, त्याने काय होतं, असं सिस्टरला खोदून खोदून विचारलं. सिस्टरने खेळ लावला, नाव निघाली आणि लगेच काठाच्या खडकावर आदळली. पुन्हा आदळली. तू मुद्दाम फिरवतोयस, आत्या म्हणाली. काका हसला, तेच जाड, खरखरीत हसणं.

एका वळणानंतर नदी डोंगराच्या पोटात शिरत होती आणि पुढे सगळा काळोख होता. आत्याचा हात थांबला.

“पुढे काय आहे ते आधी सांग,” ती म्हणाली. “तू इथून गेलेला आहेस. सांगितल्याशिवाय मी नाही येणार.”

काकाला सांगता येत नव्हतं. आत्याने बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि वल्हं मारलं.