साडूंनी छापलेला ऊस

आमच्या साडूंइतकं मला आयुष्यात कुणीही हादरवलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंही नाही. दुष्काळाची निदान आधीपासून चाहूल होती, विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं ते दोर सोडून मोजता येत होतं. साडूंच्या बाबतीत ती सोय नव्हती. अंगानं किरकोळ, बोलायला मऊ, समोर बसून बशीतून चहा पिणारा हा माणूस पुढच्या क्षणी काय करील याचा माझा अंदाज एकदाही बरोबर आला नाही, आणि मी सहसा अंदाजात चुकत नाही. एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊस लागणीच्या नोंदी ठेवण्यात माझी सारी नोकरी सरली. कुणी, कुठं, किती गुंठ्यांत, कोणत्या तारखेला ऊस लावला, हे मी वही न उघडता सांगत असे. पण बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा मला कुठल्याच रकान्यात बसवता आला नाही.

पहिला धक्का बहात्तरचाच. तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ते भूम तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर हजेरी कारकून होते. तिथं बायाबापड्या दिवसभर खडी फोडत आणि तिचे सारख्या मापाचे ढीग घालत, म्हणजे साहेबाला मोजायला सोपं जाई. सरकारचा नियम एवढाच होता. साडूंनी त्याला आपला एक नियम जोडला. मागच्या ओळीत डाव्या आणि उजव्या हाताला मिळून एकच ढीग असेल, तर आपला ढीग घालायचा. दोन असतील किंवा एकही नसेल, तर जागा मोकळी सोडून पुढं सरकायचं. मी त्यांना घरचं पीठ पोचवायला गेलो, सहज बांधावर चढलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. खाली माळावर त्रिकोण होते. मोठ्या त्रिकोणात लहान त्रिकोण, त्यात आणखी लहान, असे नजर जाईल तिथपर्यंत खडीचे त्रिकोण. माझ्या सवयीनं मी ढीग मोजले. एकही कमी नव्हता. मोजणीचा साहेबही माझ्यासारखाच तोंड उघडं टाकून उभा होता. त्यानं चार ढिगांना टेप लावली, माप बरोबर निघालं, आणि कुठलं कलम लावावं ते न सुचल्यामुळं त्यानं सही केली.

"हे असं दिसणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" मी विचारलं.

"न्हाय की," साडू म्हणाले. "ठाऊक असतं तर कशाला घातलं असतं, साडूभाऊ?"

या उत्तरानं मी जितका गोंधळलो तितका त्रिकोणांनीही नव्हतो. माझ्या मते माणसानं जे करायचं ते आधी ठरवावं, मग करावं, मग ताडून पाहावं. साडूंना सगळं कौतुक, आधी करून टाकल्यावर मग जे उगवेल त्याचं. शेजारी हातोडी घेऊन बसलेली एक म्हातारी आमचं बोलणं ऐकत होती. ती म्हणाली, "लई येडं हाय बघा तुमचं पाव्हणं. पर नुस्ती खडी फुडून हात भरून येत्यात. सांजच्याला बांधावर चढून बघितलं की वाटतंय, आपून आज कायतरी केलं." साडूंनी तिच्याकडं मोठ्या आदरानं पाहिलं. इतक्या आदरानं त्यांनी माझ्याकडं कधीच पाहिलं नव्हतं.

पुढं कामं बंद झाली आणि साडू बिनकामाचे झाले, पण नियम घालायचे थांबले नाहीत. परसात मेथी पेरताना ते दर तिसऱ्या वाफ्याला दिशा बदलत. भाजी उगवली की सारं घर छपरावर चढून बघे, आणि मग ती खुडायची परवानगी मिळे. एका दिवाळीला त्यांनी माझ्या मेहुणीला रांगोळीचा नियम दिला. इतके ठिपके पुढं, मग डावीकडं वळण, मग एक ठिपका वाढवून पुन्हा तेच. मेहुणी हौशी, मदतीला गल्लीतल्या चार बायका. रांगोळी अंगणातून निघाली, गल्लीत आली, पिठाच्या गिरणीला वळसा घालून एस.टी.च्या रस्त्यावर पोचली. तुळजापूरची गाडी अकरा मिनिटं उभी होती. माझ्या मनगटावर घड्याळ असल्यामुळं हा आकडा खात्रीचा आहे. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "ताई, सणावाराचं पुसवत न्हाय. गाडी कुठनं काढू सांगा." मेहुणी म्हणाली, "मला काय इचारता, ह्यांना इचारा." साडूंना बोलावून आणलं. त्यांनी रांगोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "नियमात थांबायचं कुठं ते सांगायचं राह्यलं." मग स्वतःच पायानं वाट करून दिली.

अशा माणसाला मी आमच्या कारखान्यात चिकटवलं, हा दोष माझा. ऐंशीनंतर बऱ्याच वर्षांनी कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि बाहेर पाटी लावली, चपला काढून आत यावे. साडूंना टायपिंग येत होतं आणि दुसरं कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून त्यांना तीन आठवडे पुण्याला शिकायला धाडलं. नोकरी हंगामी होती. दोन हंगाम नीट काढले की तिसऱ्याला कायम करायचं, असं ठरलं होतं. मेहुणी त्या दोन हंगामांत दर भेटीला मला एकच सांगे, "दाजी, ह्यांच्यावर ध्यान ठेवा. कायम झाल्यावर काय येडेपणा करायचा तो करू द्या."

काम सरळ होतं. कोणाचा ऊस कधी तोडायचा याची पाळी लागणीच्या तारखेवरून लागे; आधी लावला, त्याचा आधी तुटणार. माझ्या वहीतल्या तारखा साडूंनी यंत्राला द्यायच्या आणि यंत्रानं छापलेली यादी दर सोमवारी बाहेरच्या फळ्यावर लावायची. पहिला हंगाम त्यांनी अगदी माणसासारखा काढला. मी निर्धास्त झालो. दुसऱ्या हंगामात पाऊस बेतानंच झाला होता, विहिरी पौषातच तळाला गेल्या, आणि आपला ऊस वाळायच्या आत तुटावा म्हणून जो तो पाळीवर डोळा ठेवून होता. नेमक्या त्याच हंगामात एका दुपारी साडू खोलीबाहेर आले, हातात कागदाची घडी.

"साडूभाऊ, एक गंमत करून बघितली," ते म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावर उलगडला. कडेला भोकं असलेला तो लांबलचक कागद अक्षरांनी भरला होता, पण त्यात शब्द एकही नव्हता. त्यांनी आमच्या गटाचा, म्हणजे माझ्या वहीतल्या सगळ्या रानांचा, नकाशा चौकटींत पाडला होता, एक एकर म्हणजे एक चौकट. जुना ऊस असेल तिथं ठसठशीत अक्षर, मधल्या वयाचा असेल तिथं बारीक खूण, कोवळा असेल तिथं नुसता ठिपका, आणि तुटला असेल किंवा लावलाच नसेल तिथं काही नाही. खुर्चीतून उठून लांबून पाहिलं तर कागदावर आमचा सगळा गट होता. ओढ्याचं वळण दिसत होतं, डांबरी रस्ता दिसत होता, आणि कुठंही ओढा किंवा रस्ता काढलेला नव्हता. अठरा वर्षं मी तो गट आकड्यांत सांभाळला होता. तो कसा दिसतो हे मला त्या दुपारी कळलं.

"पर इथं बघा," साडू चुटपुटत म्हणाले. "इथं नक्षी बिघडलीय."

कोवळ्या उसाच्या ठिपक्यांत मधोमध एक पांढरी जागा होती. आठ चौकटी. साडूंचं म्हणणं, लागणीची तारीख चुकली असणार. मी वही काढली. तीनदा पाहिलं. तारीख बरोबर होती, क्षेत्र बरोबर होतं, अक्षर माझंच होतं. साडेनऊ महिन्यांचा आठ एकर ऊस पाळी यायच्या आधीच तुटून गेला होता. ते रान आमच्या एका संचालकांचं होतं. रोज मी त्या ओळीवरून बोट फिरवत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं.

"तारीख बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग ऊसच चुकलाय," साडू म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

ते आत गेले असतील असं मी धरलं. ते फळ्याकडं गेले होते. सोमवार होता. यादीचे अकरा कागद लावण्यापेक्षा सगळं एका कागदात येतंय, आणि वाचता न येणाऱ्यालाही कळतंय, एवढाच त्यांचा विचार. मी बाहेर आलो तेव्हा फळ्यासमोर चाळीसेक माणसं होती आणि मागची टाचा उंचावून बघत होती. पुढं गयाबाई उभी होती. नवऱ्यामागं एकटीनं एक एकर ऊस सांभाळणारी, दर सोमवारी पाच कोस चालत येऊन आपली पाळी विचारणारी बाई.

"माजा कुठला रं, दादा?"

"ह्यो बघा, मावशी. सगळ्यात काळा. पंधरा महिन्यांचा हाय तुमचा," साडू कौतुकानं म्हणाले.

"आन मधी ह्यो उजेड कुणाचा पडलाय?"

कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ओढ्याचं वळण तिथंच होतं आणि वळणावर कुणाची विहीर आहे हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तासाभरात ते संचालक जीपमधून आले. साडूंनी त्यांनाही हौसेनं सगळं समजावून सांगितलं.

"हे कुणाच्या सांगण्यावरनं केलं?"

"कुणाच्याच न्हाय, साहेब. नियम दिला, आपोआप आलं."

"मग नियम बदला."

साडूंनी थोडा विचार केला. "बदलतो की. पर नियम बदलला की समदं चित्र बदलतंय, साहेब. तुमचं एकट्याचं झाकता येत न्हाय त्यात."

हे ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. यंत्राची अडचण सांगितली.

दुसऱ्या दिवशी शेतकी साहेबांनी मला बोलावलं. त्यांनी वाट काढली होती. लागणीची तारीख वहीत चुकीची पडली, ऊस जुनाच होता, असं मी दोन ओळींत लिहून द्यायचं. कारकुनाची चूक म्हणून विषय मिटेल, साडू ठरल्याप्रमाणं कायम होतील. "तुमच्या घरचंच माणूस आहे," साहेब म्हणाले. संध्याकाळी मेहुणी आली. पाणीसुद्धा न घेता उंबऱ्यातच बसली. "दाजी, एक तारीख. एवढ्या वर्षांत एक चुकली म्हणा. कोण फाशी देतंय तुमाला?" अठरा वर्षांत खरोखरच एकही चुकली नव्हती.

मी लिहून दिलं की तारीख बरोबर आहे. याचं मला कुणी श्रेय देऊ नये. त्या रात्री बायकोनं माझं ताट झाकून ठेवलं आणि ती निजून गेली. गयाबाईचा ऊस त्याच आठवड्यात तुटला, आणि हंगाम संपल्यावर साडूंना निरोप मिळाला की पुढच्या हंगामापासून येऊ नये. मी त्यांच्याकडं गेलो, काय बोलावं हे वाटेत तीनचारदा ठरवून. ते मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसले होते.

"तुमच्या नोकरीवर मी पाणी फिरवलं," मी म्हणालो.

"तुम्ही आकडा बदलला असता तर मी तो कागद फाडला असता," ते म्हणाले. मग वाफ्यातली माती सारखी करत म्हणाले, "पर हिला आत्ता कायबी बोलू नका. लई रडलीय."

पुढं ती दोघं सोलापूरला गेली. तिथं एका चादरीच्या कारखान्यात साडू नक्षीच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम करू लागले. पुठ्ठ्यात भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. त्यांचं पत्र आलं, त्यात घरची खुशाली एका ओळीत आणि भोकांची माहिती दोन पानं होती. मेहुणीचं पत्र आलं नाही. दोन वर्षं आलं नाही.

मग एक हंगाम असा आला की पाऊसच पडला नाही आणि आमच्याकडं लागण जवळजवळ झालीच नाही. नोंदवहीचं पान उलटायला मला दिवसभरात कारण मिळेना. त्या रिकामपणात मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. नव्या माणसाला म्हटलं, साडूंचा तो जुना नियम आहे का बघ. होता, कुणी पुसायची तसदी घेतली नव्हती. मी त्याला त्या वर्षाच्या लागणीच्या तारखा दिल्या, पाणी टिकलेल्या मोजक्या विहिरींवरच्या. का दिल्या ते मला सांगता येणार नाही. यादीतली तेवढी नावं मला पाठ होती, कागदाची काही गरज नव्हती. पण यंत्र करकर करत हलू लागलं तेव्हा मी उठून त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो, आणि पुढची ओळ काय येते ते पाहत राहिलो.

तो कागद घेऊन मी सोलापूरला गेलो. मेहुणीनं दार उघडलं. मला बघून ती आत वळली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. साडूंनी कागद भिंतीला लावला, खिळे ठोकले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. चहा घेऊन आलेली मेहुणी मध्येच थांबली.

"दाजी, एवढ्या लांबनं कोरा कागद घिऊन आलाव व्हय?"

"कोरा न्हाय," साडू हळू आवाजात म्हणाले. "हिकडं ये. हितनं बघ."

ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. कितीतरी वेळ तिला काही दिसलं नसावं. मग तिनं हातातला कप मला दिला आणि तुरळक ठिपके जिथं ओढ्याच्या कडेनं वळत गेले होते त्या बाजूला बोट केलं.