यादीच्या तळाची चाल

मल्लिनाथ हलकुडे यांनी लातूरच्या आडत बाजारात तेहतीस वर्षं सोयाबीनची पोती तपासली. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, दाणे तळहातावर घ्यायचे, ओल आणि माती बघायची. चारशे पोत्यांची थप्पी कोणी पूर्ण तपासत नाही. पुढची आठ-दहा पोती खोलवर, बाकीची वरवर. वरवरच्या एखाद्यात संशय आला तर तेवढं पोतं पुन्हा तळापर्यंत.

काम सोडल्यापासून नऊ वर्षं ते बुद्धिबळ खेळतात. समोर कोणी बसलेलं नसतं. चाली इंटरनेटवरून पाठवायच्या. एकेका चालीला कित्येक दिवस मिळतात आणि संगणकावरच्या बुद्धिबळ प्रोग्रामची मदत घ्यायला परवानगी असते. बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. यंदा स्पर्धेतून मिळणाऱ्या किताबाला एक पूर्ण गुण कमी होता आणि एकच डाव उरला होता, झेक प्रजासत्ताकातल्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याशी. बरोबरीचा अर्धा गुण उपयोगाचा नव्हता. मल्लिनाथ चौसष्ट वर्षांचे आहेत. पुढची स्पर्धा संपायला आणखी दोन वर्षं लागली असती.

"अण्णा, त्याच्याकडं बी हाच प्रोग्राम, तुमच्याकडं बी हाच," संगणक दुरुस्त करणारा जिलानी म्हणाला. "मग दोघं भांडून कशाला राहिले?"

"हा जे बघत न्हाई, त्याच्यासाठी."

कुठल्याही स्थितीत तीस-पस्तीस चाली निघतात. प्रत्येकीच्या मागे सारखंच खोल जायचं ठरवलं तर प्रोग्राम दोन-चार चालींच्या पलीकडे पोचणारच नाही. म्हणून तो आधी चालींची रांग लावतो. मारामारीच्या, शह देणाऱ्या, डावाच्या इतर शक्यता तपासताना उपयोगी पडलेल्या चाली पुढे. पहिल्या काही तो पूर्ण खोलीपर्यंत तपासतो. पुढे जसजसा क्रमांक वाढतो तसतशी खोली कमी करतो. मागची एखादी चाल अपेक्षेपेक्षा बरी दिसली, तर मात्र तिच्यासाठी परत फिरून खोल उतरतो. मल्लिनाथना हे समजावून सांगावं लागलं नव्हतं.

एप्रिलच्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत, त्यांनी हत्ती एक घर मागे घेण्याची चाल निवडली. काही न मारणारी, शह न देणारी, यादीत सत्ताविसावी. ती त्यांनी पडद्यावरच्या पटावर स्वतः खेळली, म्हणजे प्रोग्रामला तिच्याच पुढे बघणं भाग पडलं. टेबलफॅन संगणकाकडे वळवला होता.

"पंखा माणसाला अस्तो का मिशिनला?" त्यांच्या पत्नी रत्नम्मा दारातून म्हणाल्या.

"तीन दिवस. मग तुझाच."

"नऊ वर्षं झाली तीन दिवस ऐकून राहिले."

कोणाची बाजू किती वरचढ हे प्रोग्राम एका आकड्यात दाखवतो. पहिल्या दिवशी तो आकडा शून्य होता, म्हणजे बरोबरी. दुसऱ्या दिवशी तो थोडा वर आला. तिसऱ्या दिवशी इतका की मल्लिनाथ जेवायला उठले नाहीत. समोरच्याची यादीतली पहिली पाच उत्तरं त्यांनी एकेक करून पटावर मांडली आणि प्रत्येकापुढे दिवसभर प्रोग्राम चालवला. पाचही ठिकाणी त्यांची बाजू वरचढ होती. बाकीची उत्तरं प्रोग्रामने वरवर पाहून टाकून दिली होती. त्यांनी चाल पाठवली.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. राजा कोपऱ्यात, एक घर. यादीत शेवटून दुसरं.

मल्लिनाथनी ती चाल पटावर खेळून प्रोग्राम सुरू केला. अकरा मिनिटांत आकडा शून्यावर उतरला. नंतरचे दोन दिवस तो तिथून हलला नाही. तेहतीस वर्षं दुसऱ्याच्या पोत्यांवर संशय घेणाऱ्या माणसाने या वेळी स्वतःच्या यादीचा तळ पाहिला होता, समोरच्याच्या यादीतली मात्र पुढची पाचच पोती.

त्यांनी बरोबरीचा प्रस्ताव पाठवला. संध्याकाळी तो स्वीकारला गेला, सोबत एक ओळ होती: हत्तीची चाल सुरेख होती, उत्तर शोधायला तीस चाली हाताने घालून बघाव्या लागल्या.

जिलानीने फोनवर विचारलं, "जितले का अण्णा?"

"न्हाई. तो तीस बघून राहिला, म्या पाच."

पुढच्या स्पर्धेचा अर्ज पडद्यावर उघडा होता. तो न भरता मल्लिनाथनी संगणक बंद केला. रत्नम्मांनी पंखा स्वयंपाकघराकडे वळवला.