आंगवण फेडायला इब्रामपूरला

यंदा मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो आणि समुद्र न बघता परत आलो. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "मग गेलात कशाला?" मी म्हटलं, नवऱ्याची आंगवण होती. आंगवण म्हणजे आपला नवस. "कसली?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, आणि तिथे मी चहाचा कप तोंडाला लावला. ह्या लेखात मात्र कप लावणार नाही. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलंय. त्याने एक परिच्छेद काढायला लावला आणि बाकीचं राहू दे म्हणाला. नाव तेवढं बदललंय, कारण आजऱ्यात कोण कुणाचा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. तर त्याला इनास म्हणू.

इनास पेडणे तालुक्यातल्या एका कारखान्यात होता. मी आजऱ्याला शाळेत शिकवते. तो तिकडे इब्रामपूरला भाड्याच्या खोलीत, मी इकडे, आणि संसार सुट्टीच्या दिवसांचा. त्या एकट्या खोलीत त्याला मोबाईलवर अश्लील व्हिडिओ बघायची सवय लागली. सवय हा सौम्य शब्द झाला, ते व्यसनच होतं. झोप गेली, कामात चुका व्हायला लागल्या. घरी आला तरी तो माझ्याकडे बघत नसे. मला वाटलं, दुसरी कोणीतरी आहे. एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपवून येताना त्याने रस्त्यातच सगळं सांगितलं. दुसरी नव्हती ह्याचा आनंद मानावा की ह्या गोष्टीचं दुःख करावं, मला कळेना. मी चिडले, आणि खूप दिवस चिडलेलीच होते. मी कुठे कमी पडले, हा प्रश्न भांडी घासतानासुद्धा डोक्यात असायचा.

तेव्हा तो त्यातून बाहेर पडायच्या धडपडीत होता. पुढे तो नोकरी सोडून घरी आला, गडहिंग्लजला कमी पगारावर लागला आणि साधा बटणांचा फोन वापरू लागला. वर्ष नीट गेलं. आणि आता जुन्या कारखान्याने परत बोलावलं, शिफ्टचा प्रमुख म्हणून. म्हणजे खोली तीच, एकटेपण तेच, आणि कामाचे सगळे निरोप मोबाईलवर येणार म्हणून स्मार्टफोन आलाच. इनास म्हणाला, "आंगवण फेडायला जायचंच आहे. तू चल, सगळं बघ, मग तू सांग जाऊ की नको." सांगायचं माझ्यावर टाकून हा मोकळा. मला खरंच ते ओझं वाटलं.

पहाटे स्कूटरने निघालो. आजरा, आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, डिचोली असा आमचा रस्ता. आंबोलीचा घाट मे महिन्यात कोरडा असतो, पण सकाळी लवकर उतरलात तर गार वारा मिळतो आणि पर्यटकांच्या गाड्या नसतात. घाटाखाली मात्र उकाडा अंगावर येतो, तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. सावंतवाडीला मोती तलावासमोर चहा घेतला. दोडामार्गाकडचा रस्ता बराच झाडीतून जातो आणि काजूच्या दिवसांत सगळीकडे पिकलेल्या बोंडांचा वास भरलेला असतो. मी मागे बसून नाक वर करून हुंगत होते. इनास आरशात बघून म्हणाला, "वासानेच चढेल तुला."

डिचोलीच्या अलीकडे सर्वणची शेतं लागतात. रस्त्याकडेला बायका चवळीच्या जुड्या आणि गावठी मिरच्या घेऊन बसल्या होत्या. इथून पुढे पाळीच्या बाजूला जाणार असाल तर खनिजाच्या ट्रकांचा अंदाज घ्या आणि पांढरे कपडे घालू नका, हा अनुभवाचा सल्ला. आम्ही डिचोली बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी, सुकी भाजी आणि गरम पाव खाल्ला. दोघांचं पोट भरलं आणि बिल बघून मला आजऱ्यातलं हॉटेल महाग वाटायला लागलं. मिरचीचं भजं मागायला विसरू नका.

डिचोलीत थांबायचं कारण तिथले फादर. इनास पेडण्यात राहून कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, डिचोलीला येत असे. का, तर पेडण्याच्या चर्चमध्ये कारखान्यातले ओळखीचे भेटायचे. पापासाठी खोलीचं दार पुरलं, कबुलीसाठी मात्र तालुका बदलावा लागला, असं मी त्याला एकदा रागाने म्हटलं होतं. तो हसला नव्हता. दर शनिवारी तो यायचा. पुष्कळदा पुन्हा घसरलेलाच असायचा. फादर रागावत नसत आणि चमत्काराच्या गोष्टीही सांगत नसत. "पडलास? ऊठ. शनिवारी ये," एवढंच. म्हापशातल्या एका समुपदेशकाकडेही त्यांनीच पाठवलं. प्रार्थना कर आणि डॉक्टरकडे जाऊ नको, असलं त्यांचं काही नव्हतं.

मला ह्या फादरांचा हेवा वाटायचा. माझ्या नवऱ्याचं सगळं ह्यांना माहीत आणि मला अर्धंच. इनास आंगवणीच्या गाण्यासाठी ठरवलेल्या गायक मंडळींशी बोलायला गेला तशी मी संधी साधली. फादर चर्चच्या मागे केळीला पाणी घालत होते.

"फादर, इनास तुम्हाला काय काय सांगायचा?"

"कोण इनास?"

"माझा नवरा. आत्ता तुम्हाला नमस्कार करून गेला तो."

"हां, तो. स्कूटर बरी चलयता तो." त्यांनी पाण्याची नळी दुसऱ्या केळीकडे वळवली. "बाय, कुमसाराच्या पेटीतलें माका कांयच याद ऱ्हायना. देवाची कृपा."

मी तोंड पाडून उभी राहिले. मग त्यांनीच विचारलं, "तूं त्याचा फोन तपासतेस?"

"रोज. आता साधा बटणांचा आहे, तरी."

"काय सापडलं?"

"काही नाही."

"आणि झोप लागते तुला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्याची बायको हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पोलीस होऊन ऱ्हावलीस तर तूंच थकतलीस. त्याच्यावर नजर ठेवायला देव आसा, आणि देवानं शेजारी दिल्यात." शेजाऱ्यांचं त्यांनी काय म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल.

रात्र डिचोलीच्या बसस्टँडजवळच्या लॉजवर काढली. खोली स्वच्छ होती, पंख्याचा आवाज मात्र भयंकर.

दुसऱ्या दिवशी इब्रामपूर. दोडामार्गावरून वळून गेलं की गाव येतं. महाराष्ट्राची हद्द इतकी जवळ की माझ्या मोबाईलला कुठल्या राज्यात आहोत ते ठरवता येईना. शेतं, माडाची झाडं, डोंगरावर काजू. गावात जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, तुम्ही वेळ काढून बघा. आम्ही बघितले नाहीत, कारण घरमालक सगुण बाबांनी आम्हाला अंगणातच पकडलं.

"अरे इनास! वाळलो रे तूं! बायलेक हाडलीस? बरें केलेंस."

बायल म्हणजे बायको, म्हणजे मी. सगुण बाब शेतकरी, आणि देवळातल्या भजनाचे पेटीवाले. त्यांच्या पत्नी सुलोचना वैनी. घर हिंदू, पण त्यांच्या काजूच्या बागेच्या कडेला एक जुना खुरीस आहे, म्हणजे चुना लावलेला दगडी क्रूस. कोणी बांधला कुणाला माहीत नाही. ह्या घरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे संध्याकाळी तेलाची पणती लावतात. इनास भाड्याने राहायला आला तसं सगुण बाबांनी ते काम त्याच्या अंगावर टाकलं होतं, "तुमचो देव मरे, तूं लाय."

ही गोष्ट त्याने फादरांना सांगितली तेव्हा त्यांनी तिचाच धागा पकडला. कामावरून येऊन खोलीचं दार लावून घ्यायची जी वेळ, तीच पणतीची वेळ. तेव्हा आधी पणती लावायची, तिथेच बसून तेर्स म्हणायचा, म्हणजे जपमाळ, आणि त्या वेळी फोन दुसऱ्याच्या घरात ठेवायचा. इनास फोन सुलोचना वैनींकडे द्यायला लागला आणि जेवून झोपायला जाताना तो खोलीत न नेता सकाळीच परत घ्यायचा. असं करत करत त्याचे नीट गेलेले दिवस वाढत गेले. तिथेच त्याने देवाला सांगितलं होतं, वर्षभर सांभाळलंस तर ह्याच जागी लादाईन करीन.

लादाईन म्हणजे क्रूसासमोर गायची लितानी, म्हणजे मारियेची आणि संतांची नावं घेत केलेली प्रार्थना. सगळे शेजारी येतात, आणि शेवटी उकडलेले चणे नि ज्याला हवी त्याला थोडी दारू वाटतात. दिवसभर आम्ही तयारी केली. वैनींनी चणे शिजवले आणि खोबऱ्याचे तुकडे घातले. मी अबोलीचे गजरे क्रूसाला गुंडाळले. मधेच मी ती खोली बघून आले. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर खिळा. एवढ्याशा खोलीचा मी किती राग केला होता. आत उभी राहिले तर राग आला नाही, नुसतं उकडलं.

संध्याकाळी गायक मंडळी डिचोलीहून आली, पण व्हायोलिनवाल्यांना ताप आला होता. सगुण बाबांनी काही न बोलता पेटी आणली. लितानी त्यांना येत नव्हती, पण पहिल्या दोन ओळींत त्यांनी सूर पकडला, आणि नंतर "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी विनंती कर, हे भजनाच्या ठेक्यात जायला लागलं. शेजारच्या हिंदू बायकाही सुरात सूर मिसळून म्हणत होत्या. माझ्या अंगावर काटा आला.

गाणं संपलं. हुर्राक फिरायला लागली. हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या उकळीची, सौम्य दारू. लिंबू, मीठ, हिरवी मिरची घालून देतात. इनासने हात पुढे केला तसा सगुण बाबांनी पेला मागे घेतला.

"ताका नाका! ताणें सोडलां! लिंबाचो सोडो दी ताका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजोबा इनासच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सोरो सोडप सोंपें न्हय, पुता." तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याचे ते लाल डोळे, बंद दार, उशिरा उठणं, मग दर शनिवारी चर्च. गावाने हिशेब जुळवला होता की ह्याला दारू लागली होती आणि सुटली. बिचारा माझा नवरा, ज्याने आयुष्यात दोन पेल्यांच्या वर घेतली नाही, तो हातात लिंबूसोडा घेऊन उभा.

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, कारण आता मुख्य गायकाने विचारलं, "आंगवण कित्याची, तें सांग. त्या कारणान एक नमान मरया म्हणूंया." नमान मरया म्हणजे मारियेची प्रार्थना. कारण मोठ्याने सांगायची रीतच आहे. इनासने माझ्याकडे बघितलं. दारू म्हणाला असता तर विषय संपला असता. मी मनात म्हटलं, म्हण बाबा दारू, आणि चल घरी.

"दारू नव्हती," इनास म्हणाला. "मोबाईलवर घाण बघायचो. रोज. सुटत नव्हतं. इथे बसून सुटलं. बायकोला फार त्रास झाला. तिच्यासाठी म्हणा."

पेटीचा भाता सगुण बाबांच्या हातात तसाच राहिला. मी चण्यांच्या पातेल्याकडे बघत राहिले.

मग सुलोचना वैनी म्हणाल्या, "म्हणून तूं सांजचो मोबायल माज्याकडेन दवरतालो?"

"हो, वैनी."

"आणि माका वाटलां, माज्या सिरियलीखातीर दितालो! ह्यांच्या बातम्यांपायीं टीव्ही मेळना म्हणून!"

आधी मी हसले. मग बायका हसल्या, मग सगळेच. सगुण बाबांनी लिंबूसोडा इनासच्या हातातून काढला आणि हुर्राकचा पेला ठेवला. "तर मागीर घे मरे! उगाच उपाशी दवरतालों आमी तुका." त्या आजोबांनी दुसऱ्यांदा पाठीवर थाप मारली, तेवढ्याच प्रेमाने. नमान मरया माझ्या नावाने म्हटली गेली. इतक्या लोकांनी एकदम माझ्यासाठी प्रार्थना केलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि मी मोकळेपणी रडले.

भांडी आवरताना वैनींनी माझा हात धरला. "धाड ताका. सांज जाली की फोन माज्याकडेन. तूं भियेव नाका." तेव्हा मला फादरांचे शेजारी कळले.

तिसऱ्या दिवशी परतलो. आंबोलीत थांबून कणसं खाल्ली. आजऱ्याचा फलक दिसल्यावर मी म्हटलं, "जा तू." त्याने स्कूटर बाजूला घेतली आणि मागे वळून माझा हात धरला.

आता तो तिकडेच असतो. एक तारखेला स्मार्टफोन घेतला, त्याचं लॉक मी मागितलं नाही. सगळं कायमचं मिटलं असं आम्ही दोघंही म्हणत नाही. शनिवारी तो अजून डिचोलीला जातो. पण झोप मला लागते.

परवा दिवेलागणीला काहीतरी विचारायला मी त्याच्या नंबरवर फोन लावला. पूर्वी त्या वेळी त्याने फोन उचलला नाही की मी रात्रभर जागीच राहायचे. बराच वेळ रिंग वाजली. मग वैनींचा वैतागलेला आवाज आला.

"कोण गो? तुज्या फोनान माजी सिरियल बंद पडली!"

"वैनी, इनास कुठे आहे?"

"तो खुरसाकडेन गेलो. मागीर कर फोन."

माझ्या नवऱ्याने फोन उचलला नाही, आणि मी हसत हसत भात टाकायला उठले.