नवऱ्याच्या पानातली पेज

जरा जवळ सरका बायांनो, आणि रागावले तरी ऐकून घ्या. आजाऱ्याच्या पानात अजून हात आखडूनच वाढता ना? म्हणून तर लिहायला बसले. मागच्या महिन्यात पाटणला, माझ्या माहेरी, निरोप आला की रहिमतपूरच्या आमच्या थोरल्या जाऊबाई, गोदाक्का, तापानं गेल्या… मी म्हटलं, चुकताय, भावजी गेले असतील. कारण सहा वर्षांमागं जायला निघाले होते ते त्यांचे यजमान. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, यकृताचं जुनं दुखणं आहे, औषध चालू ठेवा, मीठ तोडा, पण जेवण तोडू नका. आमच्या सासूबाईंनी त्यातलं ऐकलं एवढंच, की पथ्य. मग मिठामागं डाळ गेली, दूध गेलं, भाकरी गेली, राहिली भाताची पेज. पोट घागरीएवढं, त्यामुळं माणूस उपाशी आहे असं कुणाला वाटेचना. गोदाक्कांनी मात्र नवऱ्याच्या दंडातला ताईत पाहिला, तो घसरून मनगटावर आला होता.

"पोट बघ की त्याचं," सासूबाई म्हणायच्या, "आनि काय कोंबतीस त्यात?"

गोदाक्का भांडल्या नाहीत. नवरा उठला की त्याच्याच पानात बायकोनं बसायचं, ही आमच्या घरची रीत. त्या बसल्या, उरलेली पेज तेवढी प्याल्या आणि उठल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आठव्या दिवशी उखळापाशी घेरी येऊन बसल्या.

"तुला कुनी पथ्य सांगितलं गं?"

"तुमीच शिकवलंय न्हवं आत्याबाई, नवऱ्याच्या पानात आसंल त्येच आपलं."

म्हातारीनं त्यांना हाताला धरून उठवलं. मग म्हणाली, "घाल बाई त्याला, काय घालायचं ते."

मग काय विचारता. मुगाचं घट्ट वरण, दुधात कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा, सगळं अळणी. चवीला लिंबू आणि लसूण. भावजी कुरकुरायचे, "गोदे, जनावर तरी खाईल का हे?" "इचारून येते गोठ्यात," त्या म्हणायच्या, आणि पुढचा घास भरवायच्या. औषधानं पोट उतरत गेलं, खाण्यानं दंड भरत गेला. दुखणं काही गेलं नाही, पण माणूस राहिला. ताईताचा दोरा काचायला लागला, तो मीच सैल केला. दोन्ही लेकींच्या लग्नात भावजी मांडवात उभे होते, आणि गोदाक्का सासूबाईंकडं बघून नुसत्या हसत होत्या…

परवा मी रहिमतपूरला गेले तर भावजी अर्ध्या पानावरून उठले. म्हणाले, तिच्यासाठी ठेवायची सवय आहे. मी म्हटलं, "आवं भावजी, तिनं जिंकलेलं पान तुमी टाकताय व्हय?" ते परत बसले. पान पुसून जेवले.

पण मी हल्ली पाटणला, रोज कुठं असणार तिथं? तुम्ही या लवकर रहिमतपूरला, जेवायच्या वेळेला, आणि ते अर्ध्यावर उठू नयेत म्हणून बसा त्यांच्या पंगतीला.