माय पळते म्हणून

सुरतेच्या पांडेसऱ्यात माझा एसटीडी बूथ होता ना, तेव्हाची गोष्ट. फोनचे दर आणि नियम बदलायचे होते, म्हणून दिल्लीचे साहेब लोकांचं म्हणणं ऐकायला आले. त्या सभेला मीही गेले. शेजारी मागावर काम करणारा एक जण बसला होता. केसांत सुताची पिंज, आणि बोलणं मोठ्यानं, हातवारे करून; मागांच्या खडखडाटात दुसरं काय होणार!

त्याची पाळी आली तसा त्याच्या आवाजानं सगळा हॉल दचकला. "साहेब, आमच्या गावात फोन एकच, दुकानात. दुकानदार हाक मारतो, मग माय घरून निघते. इथं मीटर पळतं, म्हणून तिकडं ती पळते. मागं एकदा पडली, गुडघा फुटला. ती येईस्तोवर मीटर थांबवा ना."

लोक हसले. साहेब नरमाईनं म्हणाले, "फोन ठेवायचा, थोड्या वेळानं पुन्हा लावायचा."

"तसंच करतो, साहेब. तरी ती पळतेच. तिला वाटतं, लेकरू ताटकळलंय."

मग कुणी हसलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं, पण मीटर थांबवायचा नियम काही आला नाही.

निघताना मी म्हटलं, "भाऊ, माझाही मुलगा परगावी आहे. त्याचा फोन आला की मीही अशीच धावते."

त्यानं दोन्ही तळहात हवेतच हळूहळू खाली दाबले. "सावकाश जात जा, मावशी. तो थांबेल."

आता आतल्या खोलीत मोबाइल वाजतो. मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावायला निघते, आणि ते दोन हात आठवतात. मग आधी गॅस बंद करते.